आपली शमी

आईची अट एकच होती. घर कुणालाही द्या, पण मागच्या शमीला हात लावायचा नाही. पुण्याहून फोनवर तिनं हे मला तीनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा माझ्याकडून "हो" वदवून घेतलं. नुसतं "बघू" चाललं नाही. "बघू म्हनायला मी काय साडी मागतीया व्हय?" असं वर ऐकवलं.

आमचं घर सोलापुरात, होटगी रस्त्याच्या बाजूला, जुन्या वसाहतीत. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते होटगी स्टेशनात सांधेवाले होते, रूळ बदलून गाड्या या लाइनीवरून त्या लाइनीवर घालायचे. स्टेशनात गाड्या त्यांच्या हातानं वळायच्या, घरात मात्र ते आईच्या हातानं वळायचे. अण्णा गेले, मग दोनेक वर्षांनी आई न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि धाकटा भाऊ तिला पुण्याला घेऊन गेला. परत येईल म्हणून आम्ही घर तसंच कुलूप लावून ठेवलं. तीन पावसाळे ठेवलं. शेवटी तीच म्हणाली, विका आता. मी बार्शीला असते, शाळेत विज्ञान शिकवते. पुण्यापेक्षा बार्शी जवळ, म्हणून विकायचं काम माझ्या गळ्यात. धाकट्यानं फोनवरून सल्ले द्यायचे आणि मी दर रविवारी एसटीनं हेलपाटे घालायचे, अशी आमची वाटणी झाली.

पहिल्या रविवारी फाटकाची कडी काढून ढकललं, तर फाटक हलेना. वेडी बाभूळ आतून गजांमधून हात घालून बाहेर आली होती. एक नाही, शंभर. आमच्या भागात हिला चिलारही म्हणतात. कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही, तरी माळावर, ओढ्याला, रेल्वेच्या कडेला, बंद पडलेल्या घरात, जिथं माणूस हललं तिथं ही हजर. मधल्या फटीत छातीइतकं गाजर गवत. आईची तुळस कुठं होती, कपडे धुवायचा दगड कुठं होता, काही म्हणता काही दिसेना. मी अंग चोरून आत शिरायला गेले, तर काटा चपलेतून थेट टाचेत. रस्त्यात एका पायावर उभी राहून मी जे काही बोलले ते माझ्या विद्यार्थ्यांनी ऐकलं असतं तर माझी नोकरी गेली असती.

त्या महिन्यात तिघं-चौघं घर बघायला येऊन गेले. सगळे फाटकातूनच परत. एक गृहस्थ तर गॉगल काढून बराच वेळ बघत राहिले आणि मग अगदी आदबीनं विचारते झाले, "मॅडम, ह्यात घर कुठंय?" मला इतका राग आला! आणि रागापेक्षा रडू जास्त. ह्याच अंगणात आम्ही उन्हाळ्यात पाणी मारून खाटा टाकायचो.

ह्या सगळ्या झाडोऱ्याच्या मागं, हौदाजवळ, आमची शमी उभी होती. घरापेक्षा उंच. तिची गोष्ट सांगायला हवी.

आईचं माहेर भीमेच्या काठी. उजनीचं धरण झालं आणि ते गाव पाण्याखाली गेलं. नवीन गाव वर माळावर वसवलं, पण आई त्याला कधी आपलं गाव म्हणाली नाही. "ती सरकारी जागा," म्हणायची. जुन्या गावच्या वेशीवर शमीचं मोठं झाड होतं. दसऱ्याला सगळं गाव वाजतगाजत तिथं जायचं, पूजा करायचं, आणि मग एकमेकांना सोनं द्यायचं. आईच्या सगळ्या गोष्टी त्या झाडाखाली सुरू व्हायच्या. झोका त्याच्याजवळ, भांडण त्याच्याखाली, अण्णा तिला बघायला आले तेव्हा बैलगाडी सोडली तीही तिथंच.

मी पहिलीत असताना आमचं घर बांधून झालं. आई घरात हिंडायची, पण तिचं मन लागत नव्हतं. सोलापूरला आल्यापासूनच तसं होतं, नव्या घरात ते जास्त दिसायला लागलं. एका उन्हाळ्यात अण्णांनी रजा काढली आणि कुणाला काही न सांगता गेले. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं, तेव्हा बुडालेल्या गावांच्या भिंती, देवळाची शिखरं वर येतात. अण्णा दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले. पायांना गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल आणि हातात वनस्पती तुपाचा रिकामा डबा. डब्यात वीतभर रोप. दारातूनच ओरडले, "बघ, काय आणलंय! तुझ्या वेशीवरची शमी. पोर आहे तिची. तिथंच, बुडख्याला लागून उगवली होती."

आई बराच वेळ त्या डब्याकडं बघत राहिली. मग डोळ्याला पदर लावून आत गेली आणि त्यांच्या पायांवर ओतायला पाणी घेऊन आली. माझ्या आयुष्यातली ही पहिली पक्की आठवण आहे.

रोप असं काही फोफावलं की बघायला नको! पाणी घाला, नका घालू, ते वाढतच राहिलं. अण्णा म्हणायचे, गावच्या मातीचा जोर आहे. दसऱ्याला आई हळदीकुंकू वाहायची, अण्णा नारळ फोडायचे. गणपतीत पत्री लागते, त्यात शमी हवीच, म्हणून अख्खी वसाहत आमच्या दारात. शेजारच्या काकू अक्कलकोटकडच्या, घरात कानडी बोलायच्या. त्या शमीला "बन्नी" म्हणायच्या आणि दसऱ्याला भल्या सकाळी ताट घेऊन यायच्या. आम्ही पोरं तिच्या पिवळ्या शेंगा चघळायचो. गोड लागायच्या. गल्लीतल्या शेळ्याही शेंगांसाठी यायच्या आणि आई काठी घेऊन त्यांच्या मागं. एवढं सगळं डोळ्यासमोर होतं आणि मी पुढं विज्ञानाची पदवी घेतली, शिक्षिका झाले, फळ्यावर वेडी बाभूळ काढून मुलांना शिकवलं की ही परक्या मुलखातून आलेली, हिच्या शेंगा शेळ्या खातात आणि बी गावभर पसरवतात. तरी घरी येऊन त्याच झाडाला नमस्कार करत होते. कप्पाळ माझं!

पण हे मला तेव्हा कुठं माहीत होतं?

चौथ्या महिन्यात गिऱ्हाईक मिळालं. दोन टेम्पो असलेला, पस्तिशीचा, मालवाहतुकीचा धंदा करणारा मुसलमान माणूस. मागं टेम्पो लावायला जागा हवी म्हणून त्याला आमचा प्लॉट आवडला. फाटकातून परत न जाता काट्यांतून आत घुसलेला तो पहिला. सदऱ्याची बाही फाटली तरी हसला. "घर पक्कं आहे मॅडम. फक्त हे रान साफ करून द्या, मुळापासून. ह्याचा एक काटा टायरीत गेला की माझा दिवस गेला." मी म्हटलं, सगळं काढून देते, पण मागचं ते मोठं झाड पूजेचं आहे, ते ठेवावं लागेल. माझ्या आईचा शब्द आहे. त्यानं वर बघितलं. "पूजेचं आहे तर राहू द्या की. आम्ही हात नाही लावणार. आमच्या अम्मीला बसायला सावली होईल." मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. आईला लगेच फोन लावला. ती म्हणाली, "देव त्येचं भलं करो," आणि पहिल्यांदाच मोकळ्या आवाजात दुसरं काहीतरी बोलली, भाजी काय केली वगैरे.

साफसफाईला मी एका नवराबायकोला बोलावलं. वेड्या बाभळी तोडून कोळसा पाडायचा हाच त्यांचा धंदा. बाई कोयत्यानं फांद्या छाटत होती, तो कुदळीनं मुळं उकरत होता. नुसतं वरून तोडलं तर पावसात चौपट येते, मुळाची गाठ काढून वर डिझेल ओतावं लागतं, हे त्यानं मला समजावलं. विज्ञानाच्या बाईंना! चार दिवसांत अंगण मोकळं झालं. धुण्याचा दगड दिसला. तुळशीचा कट्टा दिसला. मी त्या कट्ट्यावर बसून चहा प्याले.

पाचव्या दिवशी तो कोयता घेऊन सरळ मागं निघाला. मी ओरडले, "अहो, तिला नाही! ती शमी आहे!"

तो थांबला. झाडाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "कुटली शमी, बाई?"

"ही काय. चाळीस वर्षं पूजा करतोय आम्ही."

"पूजा करा की, पूजेला कोन न्हाय म्हनतंय? पर ही चिलार हाय. ह्या समद्यांची आई हाय ही. हिच्याच शेंगांनी तुमचं अंगान भरलं."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी त्याला नाही नाही ते बोलले. शिकलेलं कोण, इथं राहिलेलं कोण, तू चार दिवसांचा आणि मला सांगतोस? त्यानं कोयता खाली ठेवला. एक फांदी वाकवली आणि माझ्यासमोर धरली. "शमीचा काटा बारका, फांदीवर कुटंबी येतो. ह्यो बघा. पानाच्या बगलंत, जोडीजोडीनं. हात लावून बघा की."

मी हात लावला. जोडीजोडीनं होते. पुस्तकात असंच चित्र आहे, मी ते फळ्यावर कैक वेळा काढलंय. खाली बसलेच मी. त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, "व्हतंय असं. लई सारकी दिसत्यात दोगी."

मग त्यानं हौद दाखवला. हौदाला मागून बोटभर चीर गेली होती आणि तिच्यातून मूळ आत आलं होतं, मनगटाएवढं. "आज हौद, उद्या संडासाची टाकी, परवा मागली भिंत. आनि शेंगा पडत्याल त्या येगळ्याच. ही ठिवली तर बाकीचं काढून काय उपेग न्हाय, बाई."

त्या दिवशी मी त्यांना लवकर घरी पाठवलं आणि पायरीवर एकटी बसून राहिले. अण्णांचा राग आला. भाबडा माणूस, चिखल तुडवत गेला आणि उघड्या गाळात सगळ्यात आधी जे उगवतं तेच उपटून घेऊन आला. खरी शमी केव्हाच पाण्यात कुजून गेली असणार. बुडखा तेवढा राहिला असेल, आणि त्याला लागून ही. मग त्यांचीच इतकी आठवण आली की राग कुठल्या कुठं गेला. ते असते तर मी त्यांना चिडवलं असतं, "काय हो अण्णा, सगळ्या वसाहतीच्या गणपतीला चिलार वाहायला लावलीत!" आणि ते पोट धरून हसले असते. चिडवायलाही कुणी उरलं नव्हतं.

पण आईचं काय? तिच्या गावातलं जगात उरलेलं एवढंच होतं. तिला काय सांगायचं, तुझं गावही गेलं आणि ही तुझ्या गावची नव्हेच?

गप्प बसणं सोपं होतं. घेणाऱ्यानं झाड ठेवायचं कबूल केलंच होतं. आई खूश, तो खूश, मी मोकळी. पुढं टाकी फुटो नाहीतर भिंत पडो, मी बार्शीला. पण तो माणूस आमच्या पूजेचा मान ठेवून ते झाड सांभाळणार होता आणि मला माहीत होतं की ते त्याच्या अम्मीच्या पायाखालची फरशी उचलणार आहे. त्याच्या चांगुलपणावर मी घर विकणार होते. मला नाही जमलं ते. मी फोन केला आणि सगळं सांगितलं, शरम गिळून.  तो म्हणाला, "तुम्ही सांगाल तसं करू, मॅडम. ठेवा म्हणालात तर अजून पण ठेवतो." एवढं कुणी चांगलं असू नये हो. मी म्हटलं, काढते.

तोडायच्या दिवशी मी हळदीकुंकू वाहिलं. कोळसेवाल्यानंही हात जोडले, पायताण काढून. दुपारपर्यंत ती आडवी झाली. त्यानं बुडखा उकरला, त्यावर मी डिझेल ओतलं आणि पेटवलं. घरामागं एवढं आभाळ आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं. आईला मी काही सांगितलं नाही. "शमी बरी हाय ना?" तिनं फोनवर विचारलं, आणि मी म्हटलं, "बरी आहे."

खरेदीखत झालं आणि मला एक शहाणपण सुचलं. बार्शीच्या रोपवाटिकेत गेले आणि खरी शमी मागितली. ह्या वेळी काटे स्वतः तपासले, चष्मा लावून. मालक कंटाळला माझ्यापुढं. काळ्या पिशवीतलं ते रोप मांडीवर घेऊन मी पुण्यापर्यंत एसटीत बसले. मनात सगळं ठरवलं होतं. आपल्या शमीचं पिल्लू आहे म्हणून सांगायचं. म्हणजे खोटं बोलूनही तिच्या हातात अखेर खरंच झाड पडेल. मला तर वाटलं, आपण किती छान मार्ग काढला.

आई भावाच्या गॅलरीत खुर्चीवर बसली होती. आता तिला फारसं दिसत नाही. रोप तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, "बघ, आपल्या शमीची पोर आणलीय तुला."

तिनं बोटं पानांवरून फिरवली. मग काडीवरून, खालून वर, हळूहळू. तिचा चेहरा असा उजळला की मी भरून पावले.

"अगं, ही तर सौंदड!" ती म्हणाली.

आईच्या माहेरच्या बाजूला शमीला सौंदड म्हणतात. गावच्या गोष्टी सांगताना आई सौंदडच म्हणायची. पण अंगणातल्या आमच्या झाडाला तिनं चाळीस वर्षांत एकदाही सौंदड म्हटलं नव्हतं. कायम शमी. शहरात येऊन बोलणं बदललं असेल, असं मी धरून चालले होते.

ती अजून रोप चाचपत होती. "किती दिसांनी हात लागला," म्हणाली. मग तिचं बोट थांबलं. "आनि आपली?"

मी तिच्या मांडीवर सांडलेली माती झटकायला लागले.

"तोडली व्हय?"

"हो," मी म्हटलं. आणि मग सगळंच सांगून टाकलं, हौद, टाकी, काटे, कोळसेवाला. शेवटी रडत म्हटलं, "आई, ती शमी नव्हतीच गं."

"मला काय सांगतीस?" ती म्हणाली. "सौंदडीखाली वाढलेली पोर मी. डबा खाली ठिवला तवाच कळलं."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"काय बोलू? त्यो मानूस येवढ्या चिखलातनं, येवढा हासत आला. कुनी जातंय का गं कुनासाठी असं? म्हनलं, ह्येंनी शमी म्हनली, शमी तर शमी. गाव काय माझं पुन्हा वर येनार न्हवतं." तिनं रोप उचललं आणि चाचपत माझ्या हातात दिलं. "ही तू ने बार्शीला. लाव. चांगली हाय. मला आपली पायजे व्हती."

दुसऱ्या दिवशी मी परत निघाले. इंदापूर यायच्या आधी धरणाचं पाणी दिसायला लागलं, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, पाण्याच्या कडेला, बांधावर, वेडी बाभूळ. टेंभुर्णीपर्यंत तीच, पुढं बार्शीपर्यंत तीच. मांडीवर खरी शमी घेऊन मी खिडकीतून बघत राहिले. लाखो असतील. त्यातली एकही आपली नव्हती. आपली होती तिला मी माझ्या हातानं डिझेल ओतून जाळून आले होते.